राजवाड्यात आम्ही दोघीच

मंगळवार, ९ जानेवारी
पोचलो एकदाच्या! अंग नुसतं आंबलंय. अख्ख्या हॉटेलात आम्ही दोघीच — मी आणि सूनबाई. खिडकीतून राजवाड्याचं फाटक दिसतं. मॅनेजर म्हणाला, "या दिवसांत इकडे कोणी फिरकत नाही हो." मी सूनबाईकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली.
ही मला उगाच इथं घेऊन आलेली नाही. काहीतरी सांगायचंय तिला. दोन महिने झाले, फोन आला की गॅलरीत जाऊन बोलते. मी काय बहिरी आहे?

बुधवार, १० जानेवारी
राजवाडा पाहिला. म्हणजे दाखवला तेवढा! ऐंशी दालनं, उघडी सहा. झुंबरं पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, खुर्च्यांवर चादरी. बुटांवर कापडी पिशव्या चढवायच्या आणि फरशीवरून घसरत चालायचं. मी पडेन म्हणून सूनबाईनं दंड धरून ठेवला होता.
गाईड मफलरात नाक खुपसून पाठ केलेलं म्हणत होता. मी विचारलं, "राजा गेल्यावर राणी कुठं राहिली?"
"मागच्या बाजूला दोन खोल्या दिल्या तिला."
"आणि सून?"
"सून राणी झाली की, आजी!"
सूनबाई हसली. मला नाही हसू आलं.
बागेत तर कारंजी कोरडी. पुतळे थंडीनं तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर लाकडी खोकी. माझा लेक असता तर म्हणाला असता, 'आई, खोकी बघायला एवढ्या लांब आलो का आपण?' पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील त्याला जाऊन. हार्ट अटॅक. चाळिशीही गाठली नाही पोरानं.

गुरुवार, ११ जानेवारी
आज लिहवत नाही. फार वाईट बोलले मी.

शुक्रवार, १२ जानेवारी
लिहून टाकते. काल भूलभुलैयात गेलो — डोक्याहून उंच झुडपांच्या गल्ल्याच गल्ल्या. तीनदा फिरून त्याच बाकापाशी आलो. शेवटी बसलो. मग ती म्हणाली, "आई, मी लग्न करतेय. ऑफिसात आहेत एक. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. तुम्ही आमच्याकडेच राहायचं, असं ते आपणहून म्हणालेत."
असंच काहीतरी असणार हे मी ताडलं होतं; आशीर्वाद द्यायचं ठरवून आले होते. देवाशप्पथ! वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. आणि तोंडातून निघालं भलतंच — "त्या सकाळी त्याला तसाच टाकून ऑफिसला गेली नसतीस, तर ही वेळच आली नसती. तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलीत मी. वेळेत नेलं असतंस तर वाचला असता तो."
ती पांढरीफटक पडली.
आणि वाट तर सापडेना! उठून निघून जायचीही सोय नाही. शिडीवर चढून झुडपं कातरणारा एक माळी वरून ओरडत राहिला, "डावीकडे, आजी! आता उजवीकडे! अहो ताई, आजींचा हात धरा, चिखल आहे तिथं!"
तिनं धरला. मी एवढं बोलल्यावरही धरला.

शनिवार, १३ जानेवारी
सकाळपासून "चहा?" "नको." एवढंच. ती बॅगा भरतेय. माझ्या गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवल्यात, गाडीत शोधाव्या लागू नयेत म्हणून. तिच्या पाठीकडे बघत बसलेय मी.
एक गोष्ट आहे. या वहीतही कधी लिहिली नाही. गाडी दुपारची. त्याआधी तिला सांगायलाच हवी, नाहीतर माझ्या जिभेला कधीच जमायचं नाही.

रविवार, १४ जानेवारी
काल सांगितलं. तो गेला तेव्हा मी बहिणीकडे होते. त्या सकाळी त्यानं मला फोन केला होता — 'आई, छातीत जळजळतंय.' मीच म्हणाले होते, पित्त असेल, जरा पडून राहा.
तिनं हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "मला माहितेय, आई. फोन ठेवल्यावर हसत म्हणाला होता — 'आई म्हणतेय, पित्त आहे. तू जा ऑफिसला.' म्हणून तर गेले मी."