किल्लीला हळद

खापरखेडा, १२ सप्टेंबर १९८७

ती. सौ. यमुताईस,
अनंताचा शि. सा. न. वि. वि.

पुडाच्या वड्या पोचल्या, कॉलनीतल्या मित्रांनी दारातच फस्त केल्या.

शेजारच्या देवरावांची स्कूटर चोरीला गेल्यापासून भाऊजी जेवता जेवता उठून गाडी बघून येतात, असं तू म्हणालीस, म्हणून रविवारी मी तुमच्या मोटारीत ती पेटी बसवली. युक्ती एका परदेशी मासिकातली. भाऊजींना समजावत होतो तेव्हा त्यांचं लक्ष वड्यांवर होतं, म्हणून तुला लिहितो. किल्लीच्या पात्यात मी एक बारीक मणी बसवला आहे. तो वीज अडवतो, आणि किती अडवायची ते ठरलेलं आहे. किल्ली फिरवली की डॅशबोर्डखालची पेटी ते मोजते. जुळलं तर स्टार्टर आणि पेट्रोल चालू. नाही जुळलं तर दोन्ही बंद, आणि वर चार मिनिटं पेटी कोणाचंच ऐकत नाही, खरी किल्ली लावली तरी. चोराला थांबायला वेळ नसतो ना! बाजारातल्या किल्लीवाल्याने खाचा हुबेहूब कापल्या तरी तो मणी कुठून आणेल?

किल्ल्या दोनच आहेत, जपा. इथे वीज केंद्रात यंत्रांची दुरुस्ती निघाली आहे, दिवाळीपर्यंत रजेचं नाव नको.

तुझा लोभ आहे, त्याला कुलूप नसावं.
अनंत

नागपूर, २२ सप्टेंबर

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

तुझ्या किल्लीने ह्यांचं डोकं फिरवलंय. इतवारीत दुकानी गिऱ्हाईक आलं की आधी किल्ली दाखवतात, मग पातेलं. देवरावांना म्हणाले की आमची गाडी आमच्याशिवाय कोणाले जुमानत नाही.

आता खरी बातमी. आपल्या शामलाचं धंतोलीतल्या डॉक्टर कृष्णकांताशी जमत आलंय. पोरीला तो मनापासून आवडलाय, हल्ली मीठ दोनदा घालते. त्याची आई जिजाबाई मात्र करारी. दसऱ्याला संध्याकाळी त्यांच्या घरी साखरपुडा आहे. ह्यांनी गाडीची इतकी फुशारकी मारली की त्यांनी ती बघायचीच म्हणून सांगितलंय.

प्रकृतीस जप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
यमुताई

नागपूर, ४ ऑक्टोबर

चि. अनंतास आशीर्वाद.

तू माझा सख्खा भाऊ नसतास तर तुला पत्र नाही, नोटीस आली असती.

दसऱ्याच्या पूजेत मी काही कमी ठेवलं नव्हतं. तराजू, दुकानाचं कुलूप, गाडी, सगळ्यांची पूजा केली. तुझ्या किल्ल्यांचा मान मोठा, म्हणून दोन्ही पाटावर ठेवून ओल्या हळदीने चांगल्या माखल्या, वर कुंकू. संध्याकाळी नटूनथटून गाडीत बसलो, ह्यांनी किल्ली फिरवली, तर गाडी मुकी. चार मिनिटं थांबलो, पुन्हा मुकी. दुसरी किल्ली लावली, तीही तशीच. मग हे खाली उतरले, टोपी काढून गाडीच्या दिव्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की नीट पाहून घे वं, मी गोपाळराव आहो. तरी ढिम्म! गल्लीने ढकलून पाहिलं, पण पेट्रोलच बंद तर ढकलून काय होणार?

रिक्षाने जाऊ म्हटलं तर ह्यांनी ऐकलं नाही, गाडीचा शब्द दिला होता. शेवटी धान्याच्या टेम्पोला दोरी बांधली. भर सणाला माझी पोरगी टेम्पोमागून ओढत धंतोलीत गेली, आणि हे स्टिअरिंग धरून दोन्ही बाजूंना नमस्कार करत होते.

जिजाबाई फाटकात उभ्या होत्या. दोरी पाहून म्हणाल्या की ज्यायले त्यायचीच गाडी ओळखत नाही, त्यायले आपण काहून ओळखावं? सोनं घेतलं, चहा दिला, साखरपुडा राहिला. शामला धड जेवत नाही. मला फार वाईट वाटतंय रे, काहीतरी कर.

रागात असले तरी तुझीच,
यमुताई

खापरखेडा, ७ ऑक्टोबर

ती. सौ. यमुताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मग शामलाचं वाचलं आणि माझीच मला लाज वाटली.

पेटी बिघडलेली नाही. हळदीचा मण्याच्या टोकांवर लेप बसला, वीज पोचेना, मोजणी चुकली, आणि पेटीने इमानदारीने तुम्हा सगळ्यांना चोर ठरवलं. मासिकात किल्लीला हळद लावू नये असं कुठेच छापलेलं नव्हतं. तिकडे चोर असतात, दसरा नसतो. किल्ली ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा, मग लावा. हे पत्र जिजाबाईंना दाखवा आणि दोष माझा म्हणून सांगा. म्हणतील तर पाया पडायला येतो.

भाऊजींना नमस्कार. त्यांनी मला घरात घ्यावं, एवढीच कृपा.
अनंत

नागपूर, १२ ऑक्टोबर

चि. अनंतास आशीर्वाद.

गाडी एका फटक्यात सुरू झाली! हे तुझं पत्र घेऊन तडक धंतोलीला गेले. जिजाबाईंनी ते दोनदा वाचलं, आणि तिकडे दसरा नसतो ह्या वाक्याशी आल्यावर म्हणे चक्क हसल्या. लग्न ठरलं. पण त्यांची अट अशी की सून पाठवणीला त्याच गाडीतून आली पाहिजे, गाडी जागची अडता कामा नये, आणि पुन्हा दोरी दिसली तर वर्षभर माहेर बंद. शामला आजपासून नीट जेवू लागली.

अशीच आठवण ठेव.
यमुताई

नागपूर, १३ डिसेंबर

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

अक्षता पडल्या आणि खापरखेड्याच्या निरोपाने तुला ताटावरून उठवलं, म्हणून पुढचं लिहिते.

किल्ली सकाळीच मी पुसून ह्यांच्या खिशात दिली होती. पाठवणीला कृष्णकांत पुढे बसला, शामला आणि जिजाबाई मागे. ह्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी मुकी! देवराव टेम्पो आणायला निघाले, त्यांना मी डोळ्यांनीच दटावलं. आता चार मिनिटं काढणं आलं. तेवढ्यात शामला दार उघडून खाली उतरली आणि माझ्या गळ्यात पडली. दिवसभराच्या रामरगाड्यात मी पोरीला जवळसुद्धा घेतलं नव्हतं रे. मग ती बापाकडे गेली. ह्या माणसाला मी असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

जिजाबाई उतरल्या, किल्ली मागून घेतली आणि उजेडात धरली. तिच्यावर ओली हळद, शामलाला लावायच्या वाटीतली. मग त्यांनी ह्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं, तोही पिवळा. संपलं माहेर, असं मला वाटलं. पण त्यांनी आपल्या पदराने किल्ली पुसली आणि म्हणाल्या की गाडी नाही अडली, बाप अडला, त्याले चार मिनिटं तर द्या. तेवढा वेळ त्या माझा हात धरून उभ्या होत्या. मग गाडी सुरू झाली आणि गेली. घर फार मोठं वाटतंय.

संक्रांतीला शामला येणार आहे. पेटी काढायला ये म्हणून मी लिहिणार होते, तर हे नको म्हणतात. उलट ती चार मिनिटं थोडी वाढवता येतात का, ते तुला विचारायला सांगितलंय.

तुझी वाट पाहणारी,
यमुताई