धरणाची दारं

दादा,

प्रवाशांची बोट पुलाच्या खांबाला अडकली, तेव्हा नियंत्रण कक्षात सगळ्या खात्यांची मोट मी बांधत होते. अग्निशमन दलाचे पाणबुडे म्हणाले, पाण्याची ओढ कमी करा, तरच उतरतो. लेखी आदेशाला वेळ लागला असता, म्हणून मी थेट धरणावर तुला फोन लावला.

"कागद येऊ दे," तू म्हणालास.

"दादा, मी सांगतेय ना."

तू दारं बंद केलीस. पाण्याच्या रेट्यानेच बोट खांबाला धरून ठेवली होती, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. रेटा ओसरला आणि ती माणसांसकट बुडाली.

काल चौकशीत तू सांगितलंस, फोनवरचा आवाज ओळखू आला नाही. मी मागच्याच बाकावर होते. खोकला आला, तोही दाबला.

हे पत्र मीच फाडून टाकायच्या आधी,
तुझी धाकटी