लाभाचं पोतं

"लाभ... दोन... तीन..." धान्याच्या मोंढ्यातला मापाडी पहिल्या पोत्याला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. तो पुकारा आमच्या वर्गाच्या खिडकीतून आत यायचा आणि गुरुजींच्या कवितेला ताल धरायचा. तो आवाज कानात असताना मी, शेषेराव व्यंकटराव मुसांडे, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाखाली न येता, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवतो. एक कान फाटलेला आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर पत्नी तुळजाबाई हिचे, ती असेपर्यंत. तिला कोणी मागल्या खोलीत ढकलू पाहील त्याने आपले हातपाय सांभाळावेत.

२. अडतीचे जे सॉफ्टवेअर मी तरुणपणी लिहिले, ते अहमदपूर, नायगाव, इस्लापूरच्या काही दुकानांत जुन्या सिस्टिमवर अजून चालते. त्यातही पहिले पोते 'लाभ' असेच छापले जाते. मुलगा रविकिरण म्हणतो, "अण्णा, मेलेल्याला सलाईन लावून राहिलात तुम्ही. ती सिस्टिम बनवणाऱ्यांनीच वाऱ्यावर सोडली. परतेक दुरुस्ती जुन्यात नि नव्यात अशी दोनदा कशाला करायची?"

त्याचे सगळेच चूक नाही. पण गेल्या सोयाबीनच्या हंगामात त्याने मला न विचारता इथल्या एका दुकानात नवी आवृत्ती टाकली. तिला आकडे कळायचे, 'लाभ' हा आकडा आहे हे कळले नाही. प्रत्येक गाडीचे पहिले पोते तिने गाळले. हिशोबाच्या पट्टीवर पोते कमी दिसताच लोकांनी मापाडी बसवंत याला चोर ठरवले, काट्यावर पाडले आणि पहारीने मारले. डावा डोळा फुटला. मी मध्ये पडलो, तर हमालाचा हुक माझ्या कानात अडकला. कानाची पाळी तिथेच राहिली. कोणी कीबोर्ड उचलून तोंडे फोडत होते. खाली बटणे पडली होती आणि दातही. झाडताना वेगळे करावे लागले.

चूक रविकिरणला दुसऱ्या दिवशी सापडली. ती त्याने गुपचूप दुरुस्त केली. मला म्हणाला, "आता सांगितलं तर मलाच फाडतील." मी जाऊन सांगितले, तर लोक म्हाताऱ्याला बसवंतचा पुळका आला म्हणून हसले. बसवंत अजून चोरच आहे. आमच्या दाराकडे तो तेव्हापासून फिरकलेला नाही.

३. म्हणून जुन्या आवृत्तीचा निर्णय असा. तिच्यात नवे काही घालू नये, तिला इंटरनेट लावू नये. पण बिघडली की दुरुस्त करावी, आणि शेवटचा दुकानदार आपणहून पुरे म्हणेपर्यंत करावी. हे काम व त्याचा सगळा हक्क बसवंतची मुलगी अंजू हिला. ती लातूरला संगणक शिकली आहे. विचारले तेव्हा म्हणाली, "करते काका. पण माझ्या बापाला चोर म्हणणाऱ्याचं मशीन आलं, तर आधी त्याच्या डोक्यात घालीन, मग दुरुस्त करीन." मला मान्य आहे.

४. नवी आवृत्ती रविकिरणने चालवावी. तुळजाबाईमागे घरही त्याचे, मात्र माझ्या हयातीत त्याने लिलावाच्या वेळी मोंढ्यात उभे राहून पोती कशी गळाली ते मोठ्याने सांगितले तरच. नाहीतर घर अंजूचे. तो सांगेल असे वाटत नाही. शाळेत कविता म्हणायला नाव घेतले की बाकाखाली बसायचा.

५. माझी कवितांची पुस्तके शाळेला द्यावीत, चितेवर ठेवू नयेत.

६. पहार चालवणाऱ्याला मी माफ केलेले नाही. तेराव्याला आला तर पानावरून उठवावा. न उठल्यास काय करायचे ते बसवंतने ठरवावे.

वरील मजकूर माझ्या हाताने लिहिला, वाचला, आणि यातला शब्दही मागे घेत नाही.

(सही) शेषेराव व्यंकटराव मुसांडे
स्थळ: अहमदपूर. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. आदिनाथ केरबा तेलंगे (सही)
२. लक्ष्मणराव

लक्ष्मणरावांची सही अर्धी राहिली, ती का ते मीच खाली लिहितो. दार वाजले आणि तुळजाबाईने उघडले. दारात बसवंत आहे. त्याच्या पाठीवर रविकिरण, कपाळ फुटून डोळ्यांत रक्त उतरलेले, एक हात लोंबतो आहे. बसवंत म्हणतो, "सांगितलं यानं, भर लिलावात. मग धरला लोकांनी. दवाखान्यात चल म्हणलं तर ऐकंना. म्हणतो, आधी अण्णाकडं."