बाबांचं दुकान आणि दहा वाजून दहा मिनिटं

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते, टेबलाखालचे लाकडाचे तुकडे गोळा करायला, त्याच वाकण्यात तुझाही नमस्कार उरकून घेतला.) वहिनीचा गुडघा काय म्हणतो? तुझ्या रक्तदाबाची चौकशी करत नाही, कारण मागच्या भेटीत तो माझ्यामुळेच चढला होता. चार महिने तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र तू वाचशील, निदान माझ्या अक्षराला नावं ठेवायला तरी. आई ठणठणीत आहे. पुढच्या महिन्यात तिला ऐंशी पूर्ण होतील, आणि इथं जो काही घोळ चालू आहे तो त्या दिवशी तिला द्यायच्या भेटीसाठी. तिला यातलं काहीही माहीत नाही.

ज्या यंत्रावरून आपलं वाजलं ते अजून माझ्या बाल्कनीतच आहे, आणि मीही. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाच्या सख्ख्या बहिणीनं संगणकाला दोन ओळी सांगून एआयकडून चित्र काढून घ्यावं आणि लेझरनं ते लाकडावर उमटवून लोकांना भेटी वाटाव्यात, हे तुला झोंबलं. ‘उसन्या हाताची कला’ म्हणालास. मीही तोंडाला येईल ते बोलले, त्यातलं निम्मं मागे घेते. पण मला सरळ रेघ काढता येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? शाळेत माझी चित्रकलेची वही पूर्ण कोण करून द्यायचं? (तेव्हा उसना हात चालत होता.) निवृत्त झाल्यावर बायका काय काय करतात, मी लाकूड जाळते. घरभर जळका वास असतो, लेझरनं डोळे दिपू नयेत म्हणून ह्यांना मी हिरवा चष्मा घालून बसवते आणि जुन्या टूथब्रशनं काजळी पुसायला लावते. आधी कुरकुर करायचे, आता दुसऱ्या कोणाला ब्रशला हात लावू देत नाहीत. एकूण आमचं बरं चाललंय.

चुका होतात, नाही म्हणत नाही. आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली, म्हणून त्यांच्या फोटोवरून एआयकडून एक ऐटबाज हसरं चित्र करून घेतलं आणि काळ्या दगडाच्या पाटीवर कोरलं. आता यातली गंमत अशी की लाकडावर लेझर फिरला की ती जागा काळी होते, आणि काळ्या दगडावर ती पांढरी होते. म्हणून दगडासाठी चित्र आधी उलटं करून घ्यायचं असतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. मी विसरले. पाटी कागदात गुंडाळून, वर फीत बांधून, सगळ्या पेशंटांसमोर डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी उघडली तर केस कापसासारखे पांढरे आणि बत्तीसच्या बत्तीस दात कोळसा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी ती पाटी बाहेरच्या खोलीत लावलीय आणि विचारणाऱ्याला सांगतात, दात न घासल्यावर असं होतं. पेशंटांमध्ये म्हणे फार फरक पडलाय.

तर आईची भेट. मनात आलं की बाबांचं दुकान लाकडावर करावं. त्या दुकानाचा एकही फोटो नाही (घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या दुकानाचा फोटो कोण काढणार?) आणि जागा पाडूनही वीस वर्षं झाली. एआयला सांगितलं, छोटं दुकान, भिंतभर घड्याळं, डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळजी. त्यानं दिला एक पिळदार दंडांचा, दाढीवाला तरणा गडी. बाबांचा दंड तुझ्या मनगटाएवढा होता. मी म्हटलं, टक्कल हवं. टक्कल आलं, दाढी राहिली. दाढी काढायला सांगितली तर डोळ्यावरचं भिंगही गेलं. तेही एकवेळ चाललं असतं रे, पण घड्याळं. भिंतीवरच्या एकूण एक घड्याळात, जाहिरातीतल्या घड्याळांसारखी, दहा वाजून दहा मिनिटं. मी सांगितलं साडेचार, तरी दहा दहा. म्हटलं प्रत्येकात वेगळी वेळ दाखव, तर म्हणे, जरूर, आणि पुन्हा दहा दहा. आपल्या दुकानात दोन घड्याळांचं कधी एकमत झालं होतं का? टोल पडायला लागले की संपेपर्यंत पाव तास जायचा, आणि बाबा शेजारच्या शिंप्याला वेळ विचारायचे. अशा सात फळ्या झाल्या. सगळ्या सुबक, चकचकीत, आणि एकही आपली नाही. ह्यांनी त्या आईला दिसू नयेत म्हणून पलंगाखाली सरकवून ठेवल्या आहेत. मला वाईट वाटतंय, पण यंत्राचा राग येत नाही. त्यानं आपलं दुकान कुठं पाहिलंय.

असो. तब्येतीला जप, वहिनीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
उसन्या हाताची

ता.क. : वरचं सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी की ते दुकान तू काढून दे. शाळा सुटल्यावर तू तिथंच बसायचास, कुठलं घड्याळ कुठल्या खिळ्याला होतं हे तुला पाठ आहे. साध्या कागदावर पेन्सिलनं काढ. माझं यंत्र तुझ्याच रेघांवरून फिरेल, स्वतःचं डोकं चालवणार नाही, मी बघते. आणि काढायचं नसेल तर निदान फोन उचलून तसं सांग. भांडलास तरी चालेल, करमत नाही मला.

ता.क. २ : हे विचारतात की तू आलास तर टूथब्रश तुला द्यावा लागेल का.

ता.क. ३ : पत्र पाकिटात घालायचं म्हणून टेबलावर ठेवलं होतं, ते आईनं वाचलं. सातही फळ्या तिनं केव्हाच पाहिल्या आहेत, पलंगाखालचा केर तीच काढते. चिडली नाही. म्हणाली, बाबा ठीक आहेत, पण रोज सकाळी स्टुलावर चढून त्या घड्याळांना किल्ली कोण देत होतं? एकाही फळीवर मी नाही. दादा, खरं आहे तिचं. सात वेळा दुकानाचं वर्णन केलं आणि एकदाही आई माझ्या तोंडी आली नाही. तेव्हा आधी तिला काढ, बाबांना मग. आणि तिचा निरोप जसाच्या तसा कळवते : यंत्र ऐकायचं नाही, पण तू पोटचा आहेस, तर कंबर लग्नातल्यासारखी काढायची.