आमच्या आढ्याला कडी नाय

वंदना विहीणबाईंना शेणव्याहून शालनचा नमस्कार. मुरबाडला तुमचे गुडघे बरे असतील, म्हैस आता लाथा मारत नसेल, असं धरून चालते. मी बोलते आणि तुमची सून, म्हणजे माझी नात समीक्षा, लिहिते. मला अक्षर येत नाय, म्हणून ती काय गाळते ते कळायला माझा पंजा तिच्या पाठीवर ठेवलाय. गाळायला गेली की आत धडधडतं. (आता धडधडलं.)

हिला माहेरी पाठवताना तुमी म्हणालात, छातीत गॅस धरतो, ओवा द्या. ओवा इतका दिला की अंगणातल्या कोंबड्यांनाही ढेकर यायला लागले. छातीतली धडधड काय थांबेना. मग कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी पाच वायरी चिकटवून तंबाखूच्या डबीएवढं यंत्र हिच्या गळ्यात अडकवलं. एक दिवस, एक रात्र ते काळजाचा ठोका न् ठोका लिहिणार, आणि कधी काय केलं ते हिने वहीत लिहायचं. (मला जन्मात दोन अक्षरं जमली नायत, हिचं काळीज पहिल्याच दिवशी लिहायला लागलं.) शेजारची हौसा बघायला आली. यंत्र ऐकतं असं तिने ठरवलं आणि दिवसभर आपल्या सुनेबद्दल चांगलं बोलली. सून बिचारी घाबरून गेली.

मग यंत्रातला कागद निघाला. विहिरीवरून हंडा आणताना काळीज शहाण्यासारखं चाललेलं. दुपारी सव्वातीनला मात्र उधळलेलं. वहीत त्या वेळेला एवढंच, 'बसले होते'.

म्हणून दुसऱ्या दुपारी मी तांदूळ निवडायचं निमित्त करून तिच्यासमोर बसले. ही भिंतीला टेकलेली, नजर वर आढ्याला. डोळे या बाजूला, मग त्या बाजूला, परत या बाजूला. वर काय नाय, कोळ्याचं जाळंसुद्धा नाय. ("आजी, हे नको." "लिही गो.") मी पण बघत राहिले, आणि विहीणबाई, मला कडी करकरलेली ऐकू आली. आमच्या आढ्याला कडीच नाय. मी सूप खाली ठेवलं आणि म्हटलं, करकरते खरी. ती म्हणाली, "आजी, तुला पण येतो आवाज?" मग सात महिन्यांत पहिल्यांदा रडली.

बारशासाठी तुमी मधल्या घरात पाळणा टांगलात. बाळ नवव्या दिवशीच गेलं, दुपारी सव्वातीनला. पाळणा सोडला तर पुढचं येणार नाय म्हणून तुमी तो तसाच ठेवलात. मायेनेच ठेवलात, मला ठाऊक आहे. पण रोज दुपारी मागच्या दाराचा वारा येतो, तो हलतो, आणि ही त्याच्याखाली निजते. रिकामा पाळणा आपण पोरांना हलवू देत नाय. वाऱ्याला कोण ओरडणार?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा गॅस नाय आणि नखरे तर नायच. दुःख असं कोंडून राहिलं की तरण्या बायकांच्या काळजावर खरोखर भार पडतो, आणि वय सव्वीस म्हणून कोणी तपासत नाय. गोळी दिलीय, शिवाय पंधरा दिवसांनी एका बाईंकडे नुसतं बोलायला जायचंय. (बोलायची फी असते हे आधी कळतं तर मीच दवाखाना काढला असता.)

बाकी सर्व ठीक. खाली अंगठा माझा, शाई हिची.

ता.क. पुढच्या आठवड्यात जीपने हिला पाठवते. त्याआधी पाळणा उतरवा, कडीसुद्धा. दीपेशरावांना उतरवू द्या. बाळ त्यांचंही होतं.

ता.क. पुढचं येणार नाय ही भीती सोडा. माझं पहिलं गेलं तेव्हा मी पाळणा स्वतः सोडला आणि त्याच दोरीने गाय बांधली. नंतर चार झाली. त्यातला एक हिचा बाप.

ता.क. मला कडी ऐकू आली हे खोटं. पोर एकटी पडू नये म्हणून म्हटलं. (हिने पेन ठेवून माझ्याकडे बघितलं. बघू दे.) पण आता सव्वातीन वाजलेत म्हणते. हिची पाठ शांत आहे, आणि ही मलाच विचारते, आजी, वर काय बघतेस. विहीणबाई, लवकर काढा.