राहू द्या पाव्हणं

सर, काल दौंडच्या त्या मैदानावर पुन्हा उभी होते. रेल्वे लाइनीच्या अलीकडचं, जिथं तुम्ही उभ्या आयुष्यात एकदाच पंचांशी भांडला नाहीत, तेच. आता मैदानाला जाळी आलीय, पाण्याच्या टाकीजवळ चहाची टपरी आलीय, आणि होमच्या मागे तोंडाला मास्क लावून जी उभी असते ती मी असते. लग्नानंतर पुढचं शिकले; आता आठवडाभर कुरकुंभच्या कंपनीत लॅबमध्ये सॅम्पलं तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या बेसबॉलला पंच म्हणून जायचं, असं माझं चाललंय. तुम्हाला हसू आलं असतं. पंच या प्राण्यावर तुमचा किती जीव होता ते निमोण्याच्या अख्ख्या शाळेला माहीत होतं. पण मी पंच का झाले ते सांगितलं तर हसू तिथंच विरेल. तुमच्यावरच्या संशयापायी झाले. कोच आणि पंच आतून कसे जुळवून घेतात ते मला आत शिरून बघायचं होतं. इतकी वर्षं बघतेय, अजून नीटसं सापडलेलं नाही.

शाळेमागच्या पडीक रानात तुम्ही आम्हाला हा खेळ शिकवलात. बेस म्हणजे मातीनं भरलेली खताची पोती, धाव पुरी होते ते होमही तसलंच एक, रेषा म्हणजे फक्की, आणि ग्लोव्ह इतके कमी की दोन्ही बाजूंच्या पोरी तेच आळीपाळीनं घालायच्या. आत हात घातला की आधीचीचा घाम लागायचा. तुमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, तुमची शिट्टी तिथून आलेली. दोन बोटं तोंडात घालून अशी मारायचात की तिसऱ्या बेसवरची पोरगी विचार न करता पळत सुटायची. "मेंढरं ऐकत्यात, तुमी न्हाई ऐकणार व्हय?" हे वर. पळण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते, पण घसरत बेस गाठायची वेळ आली की माझी एक खोड होती. जमीन जवळ आली की माझे डोळे घट्ट मिटायचे. तुम्ही लांबून ओरडायचात, "डोळं उघडं ठिव गं! मांजरावानी डोळं मिटून दूध पिती काय? आपला पाय कुठं पडला ते आपुन न्हाई बघायचं, तर काय पंचानं बघायचं?" पोरी खिदळायच्या. मी रडकुंडीला यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे. घरी आप्पांनी अट घातलेली होती, "विभागाला गेलीस तर खेळ. न्हाईतर धाव्वी झाली की शेवंती तोडायला ये, पळापळ बास." ही अट मी फक्त तुम्हाला सांगितली होती.

आणि भांडावं तर तुम्ही. पोरगी धावून आली आणि पंचाचा हात वर गेला की तुम्ही टोपी काढून बगलेत मारायचात आणि निघायचात. "पंचामुखी परमेश्वर म्हंत्यात," तुमची सुरुवात ठरलेली, "पर देवाला बी कवातरी चष्मा लागतोच की." पंच वैतागून म्हणायचे, "सर, भाईर व्हा." "भाईरच हाय. फक्की हितं, माझा पाय हितं." खाली बघावं तर खरंच तुमचा बूट रेषेच्या बोटभर बाहेर. शिरूरला एका पंचानं तुम्हाला मैदानातूनच हाकललं, तर तुम्ही बाहेरच्या बाभळीखाली उभं राहून शिट्ट्यांवर सामना चालवलात आणि आम्ही जिंकलो. त्या दिवशी टेम्पोत आम्ही घसा बसेपर्यंत गाणी म्हटली. आमच्यापैकी कुणाच्याच घरी आमच्या बाजूनं तोंड उघडणारं माणूस नव्हतं. तुम्ही होतात, म्हणून आम्ही उन्हातान्हात पळत होतो.

दौंडच्या त्या दिवशीचं सगळं मला अजून दिसतं. आम्ही फुलांच्या टेम्पोतून न्हावऱ्यावरून दौंडला आलोय, अंगाला शेवंतीचा वास आहे. शेवटची इनिंग, धावा सारख्या, मी तिसऱ्या बेसवर. मी होमला पोचले की आम्ही जिंकलो, आणि जिंकलेला संघ विभागाला जाणार. बॉल जमिनीवरून सरपटत जातो, तुमची शिट्टी वाजते, मी सुटते. कॅचर वाकून बसलीय. मी स्वतःला झोकून देते. धूळ, पोटरीवर बॉल धरलेल्या ग्लोव्हचा दणका, आणि पाय होमवर. पाय आधी आणि ग्लोव्ह नंतर, हे मी तेव्हा कुठल्याही देवासमोर सांगितलं असतं. पंचांचा हात वर जातो, आउट. मी उठतही नाही, कारण तुम्ही येणारच. तुमची टोपी बगलेत गेलेली दिसते. तुम्ही थोडे पुढे येता आणि थांबता. माझ्याकडे बघत नाही. पंचांकडे बघून हात जोडता आणि म्हणता, "राहू द्या पाव्हणं." मग टोपी डोक्यावर घालून माघारी वळता. बरोबरी सुटेना म्हणून दिलेल्या जादा इनिंगला आम्ही हरलो. दहावीनंतर मी शेवंती तोडायला लागले.

पाव्हणं! त्या एका शब्दानं मला पोखरलं, सर. आपल्याकडे पाव्हणं कुणालाही म्हणतात, एसटीत शेजारी बसलेल्याला, बाजारात गाईचा भाव विचारणाऱ्याला. पण सोयऱ्यालाही तेच म्हणतात. आणि मुलीच्या बापानं मुलाकडच्यांपुढे हात जोडून म्हटलेलं पाव्हणं कसं असतं, ते मी दोन बहिणींच्या बैठकीत आमच्या आप्पांच्या तोंडून ऐकलेलं होतं. अगदी तस्संच तुम्ही म्हणालात. पाणी कुठंतरी मुरतंय, एवढं मी टेम्पोतच ओळखलं. पुढे उन्हाळ्यात तुमच्या मुलीचं लग्न निघालं, दौंडला दिली. आम्ही पोरी पंगतीत वाढायला होतो. मी बुंदीची परात घेऊन मुलाकडच्या पंगतीला गेले तर फेटा बांधून तेच पंच बसलेले, नवऱ्या मुलाचे सख्खे मामा. त्यांच्या पानात मी मुद्दाम दोन मुठी जास्त वाढल्या. म्हटलं खा, आमची मॅच पचली तशी हीही पचेल. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, "काय गं, वाळली का अशी?" मी "न्हाई सर" म्हणून पुढच्या पानाकडे सरकले. त्यानंतर तुम्ही शाळेजवळ दिसलात तरी मी रस्ता बदलायचे. मग तुम्ही गेलात. दहाव्याला मी पार मागं उभी राहिले, आणि खरं सांगते, रडू आलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला.

ते पंच अजून आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. काठी टेकत सामने बघायला येतात. गेल्या थंडीत एकदा त्यांना टपरीवर गाठलं आणि सरळ विचारलं, सोयरीक आधी ठरली होती की नंतर? म्हातारा बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिला. मग म्हणाला, "मागाहून. त्या दिशी तुजं सर गप बसलं, तवाच मनात भरलं. म्हटलं, मानूस भांडकुदळ हाय पर खऱ्याला खरं म्हन्तो. अशा घरातली पोरगी करावी." मी म्हटलं, "पण आबा, सर तुम्हाला पाव्हणं म्हणाले." "मग? ओ पाव्हणं!" त्यांनी टपरीवाल्याला हाक मारली. तो तिकडचा बिहारचा, सणसवाडीच्या कंपनीतलं काम सुटलं म्हणून इथं आलेला. "चाय में शक्कर कम डालो जरा." टपरीवाला हसून "जी पाव्हणं" म्हणाला. आबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. उत्तर झकास होतं. पण लॅबमध्ये रिपोर्टचे सगळे आकडे फारच नीट जुळून आले की मी सॅम्पल परत मागवते, तशी सवयच लागलीय. ज्याच्यावर संशय त्याचीच साक्ष कशी धरायची? आणि माझी पोटरी खोटी कशी? त्यांच्या चहाचे पैसे मी दिले आणि विश्वास ठेवला नाही.

आता कालचं. मुलींचाच सामना, एक संघ शिरूरकडचा. त्यांचा कोच माझा चुलत दीर. मी आयोजकांना सकाळीच सांगितलं, हा आमच्या घरातला आहे, मला या सामन्याला ठेवू नका. ते म्हणाले, "मॅडम, ह्या दोन तालुक्यांत पाव्हणा नसलेला पंच मी कुठून पैदा करू?" म्हणून उभी राहिले. हा दीर तुमच्यासारखाच, साध्या फाउलवरूनही बाह्या सरसावणारा. त्याच्या संघातली एक पोरगी तिसऱ्या बेसवरून सुटली, घसरत आली, आणि कॅचरचा ग्लोव्ह तिच्या नडगीला लागला तेव्हा तिचा पाय होमपासून वीतभर वर, हवेत होता. मी वाकून, नीट बघितलं. आउट दिलं. दीर तावातावानं निघाला, आणि मध्येच थांबला. त्यालाही दिसलं असणार. हात जोडून म्हणाला, "राऊ द्या वहिनी." सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. धुळीत पडलेल्या पोरीनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती नजर मला ओळखायला वेळ लागला नाही. जाळीपलीकडून कुणीतरी बोललंच, "घरातल्या घरातच चाललंय हे."

सर, माझा हात खाली आला तेव्हा माझा मलाच संशय आला. दिराच्याच संघातली पोरगी म्हणून, मी किती निःपक्षपाती ते गावाला दाखवायला तर आउट दिलं नाही ना? पुन्हा पुन्हा तो पाय डोळ्यांपुढे आणला. हवेतच होता. सामना संपल्यावर मी टाकीपाशी गेले. पोरगी गुडघ्याची माती धूत होती. पंचानं असं विचारायचं नसतं, तरी मी विचारलं, "पाय टेकला होता का गं?"

"टेकला हुता, मॅडम." तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "आधी पाय, मग ग्लोव्ह. मला म्हाईत हाय."

"तू बघितलंस?"

"बघायचं काय त्यात? पाय माझा हाय." आणि मग हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असं, "तुमी काय, वहिनी त्यांच्या."

तिच्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. पण ती घसरत येताना मी तिच्या पायाबरोबर तिचं तोंडही बघितलं होतं. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते.

तुमची मुलगी इथून दोन गल्ल्या पलीकडे राहते. बाजारात भेटते, नातवंडं तुमच्यासारखी शिट्टी मारतात म्हणून सांगते. हे पत्र तिच्या हातात द्यावं असं क्षणभर वाटलं. देणार नाही. कपाटात कंपनीच्या जुन्या रिपोर्टांखाली ठेवून देईन. आणि माझा संशय फिटला असंही समजू नका. ते हात जोडणं अजून खुपतं, आणि माझ्याकडे एकदा बघायला तुमचं काय जात होतं? खरं खोटं काय ते तुम्हाला आणि आबांना ठाऊक. माझ्यापाशी साक्ष म्हणून काहीच नाही, सर. त्या दिवशी माझेही डोळे मिटलेलेच होते.