काडतुसं भरायचं पहिलं पुस्तक

४ एप्रिल
रात्री रानडुकरांनी ओढ्याकडचे भुईमुगाचे दोन वाफे उकरले. बायको पारूबाई सकाळपासून जुन्या साड्या काढून बसली आहे. शेताभोवती साड्या बांधल्या की डुकरं येत नाहीत म्हणे. सगळा गाव बांधतो. आपण नाही. ज्याच्या घरात आजोबांपासून बारा बोअरची बंदूक आहे, निजामाच्या काळातलं उर्दू लायसन आहे, त्याने शेताला लुगडं नेसवायचं? परवाच्या झेडपी निवडणुकीत पोलिसांनी तालुक्यातल्या सगळ्या बंदुका जमा करून घेतल्या; मला बोलावलंसुद्धा नाही. याला पत म्हणतात. बंदूक खोळीत, खुंटीला. नुसती खोळ पाहिली तरी छाती फुगते.
काडतुसं तेवढी संपलीत. निर्णय : घरीच भरायची. एक पुस्तक आणलं की झालं. मारायचं कुणालाच नाही. हवेत एक बार काढला की डुकरं थेट पूर्णा जंक्शनला.

५ एप्रिल, सकाळी
शेजारच्या बांधाचा सटवाजी साड्या बांधत होता. यंदा ऊसतोडीला गेला नाही, पाऊण एकर भुईमूग केलाय, वर्षाची सगळी भिस्त त्यावर. त्याला प्लॅन समजावला. म्हणाला, भौ, तुमी हायव म्हणल्यावर मला कशाचा घोर? साड्या सोडून घेतल्या बिचाऱ्याने. बरं वाटलं.

११ एप्रिल
मोबाईलवर पुस्तकं पाहिली. पुस्तकंच पुस्तकं! एक 'नवशिक्यांसाठी' आहे. अपमान. आमच्या घरात तीन पिढ्या बंदूक. दुसरं तज्ज्ञांसाठी, पण जाड फार. तिसऱ्याला साडेचार स्टार, पण एकाने लिहिलंय अक्षर बारीक आहे. पारूबाईने विचारलं, पुस्तक निवडायलाव का सोयरीक जमवायलाव?

१२ एप्रिल
नवशिक्यांचंच मागवलं. वर वर्तमानपत्राचं कव्हर घालू.

१९ एप्रिल
कुरिअरवाला गावात येत नाही. गंगाखेडला जाऊन आणलं. एसटीत उभा होतो, डोकं दुखतंय. इंग्रजी कडक, चित्रं बरी.

२० एप्रिल
पहिल्याच पानावर लिहिलंय की एका पुस्तकावर विसंबू नका, आणखी एखादं जवळ ठेवा. हेच माझं आधीपासूनचं मत. परत शोधाशोध. रात्री डुकरं येऊन गेली. पारूबाई डबा वाजवत एकटीच गेली. मी दोन पुस्तकांची तुलना करत होतो, उठता आलं नाही.

२७ एप्रिल
पारूबाईने मला न विचारता आपल्या रानाला साड्या बांधल्या. माझं आहेराचं धोतरपण बांधलं! सटवाजीने विचारलं, आता मीबी बांधू का? मी म्हणालो, दुसरं पुस्तक मंगळवारी येतंय, लोकांत हसू कशाला करून घेतो. थांबला.

२ मे
डुकरांनी आमच्या साड्यांना वळसा घातला आणि सटवाजीच्या रानात शिरली. अर्धा भुईमूग गेला. उकरलेल्या मातीत तो बसला होता. शिव्या देईल असं वाटलं. एवढंच विचारलं, भौ, पुस्तक आलं का?
लय वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. अर्थात चूक कुरिअरवाल्याची.

३ मे
गंगाखेडला जाऊन दुसरं पुस्तक आणलं. त्यात लिहिलंय, आधी आपल्या भागातला कायदा विचारा. तडक पोलीस ठाण्यात. जमादारांना पुस्तकं दाखवली. म्हणाले, काडतुसं घरी भरायला वेगळं लायसन लागतं, ते तुमच्याकडं न्हाई, नसतं लचांड करू नका. मी ऐटीत म्हणालो, बंदूक तर आहे ना! ते म्हणाले, हाय की, हितंच हाय. विधानसभेच्या टायमाला तुमीच जमा केलती. सगळ्यांनी परत नेल्या, तुमी आलावच न्हाई. म्हणून तर झेडपीला बोलावलं न्हाई तुमाला.
परतीच्या एसटीत सीट मिळाली. बसलो नाही.

३ मे, संध्याकाळी
खोळ उघडली. आत मच्छरदाणीच्या काठ्या. पारूबाई म्हणाली, मला वाटलं तुमाला ठाव हाय.

४ मे
बंदूक आणायला जाणार होतो. ऊन फार. शिवाय पारूबाई घरातल्या उरल्यासुरल्या साड्या घेऊन सटवाजीच्या रानात गेली आणि जाताना म्हणाली, दुसरं टोक धरायला तरी चला. गेलो. दुपारपर्यंत टोक धरलं. शेवटच्या मेढीला साडी पुरेना. घरी येऊन बंदुकीची खोळ नेली आणि ती बांधली. सटवाजी लांबून बघून म्हणाला, झकास झालं भौ. आत बंदूक हाय का न्हाई, डुकराला काय कळतंय?
मी गाठ घट्ट मारली.